हळदकुंकू लावलेली रॅम

रॅम निवडताना मी इंदूरच्या दुकानदाराचं फोनवर इतकं डोकं खाल्लं, की तो म्हणाला, "भैया, लड़की देख रहे हो क्या?"

कॉम्प्युटर ओव्हरक्लॉक करून, म्हणजे ठरल्यापेक्षा जास्त वेगानं, पळवायचा होता ना! म्हणून मदरबोर्डला चालणारी, एकाच स्पीडची जोडी मागवली. पाकीट उघडून चहाला गेलो, आलो अन् घाईत बसवली. स्क्रीन काळी!

फोनवर भडकलो, "गलत माल भेजा!"

"एक बार निकालके तो देखो."

काढली, तर दोन्हींच्या खाचेत बसणाऱ्या सोनेरी कडेला हळदकुंकू. करंट जाणार कुठून!

"आई, हे काय?"

"नवी वस्तू पूजेशिवाय बसवतात का? सोन्याची कड दिसली, तिथंच लावलं."

खोडरबरानं घासून परत बसवली. मशीन भन्नाट पळालं.

आईनं हात जोडले. "बघ, फळली पूजा. उगाच त्या दुकानदाराला बोललास."