रिकामी पाकिटं

डॉक्टरांच्या खोलीबाहेर खुर्च्या पाच आणि माणसं तीन: दोन जावा आणि शेजारी स्वतःच्या रिपोर्टची वाट पाहणारी एक कॉलेजातली मुलगी. थोरल्या जावेच्या मांडीवर रक्तदाबाच्या गोळ्यांची दोन रिकामी पाकिटं होती.

“जाऊबाई, शहाण्या झालात की! एकही गोळी चुकवली नाहीत?”

“छे गं, निम्म्या राहिल्या होत्या. बरं वाटत होतं, मग कशाला घ्यायच्या?”

“मग पाकिटं रिकामी कशी?”

“डॉक्टर उरलेल्या मोजतात ना! मागच्या खेपेला केवढे ओरडले. म्हणून आज सकाळी सगळ्या घेऊन टाकल्या.”

“घेऊन टाकल्या? अहो, फेकायच्या तरी!”

“चांगलं औषध कुणी फेकतं का?”

मुलीचा हात तिच्याही नकळत थोरलीच्या मनगटावर गेला.

“काकू, किती गोळ्या?”

“तेरा-चौदा असतील. तू का गं पांढरीफटक पडलीस?”

“चक्कर येतेय का?”

“मघाशी जिना चढताना जरा गरगरलं. उपाशी आहे ना.”

मुलगी धावत आत गेली आणि नर्सला हाताला धरूनच घेऊन आली.

“झालं, आता पुन्हा ओरडा खायचा,” थोरली भिंतीला डोकं टेकवत म्हणाली.

नर्सने दंडाला पट्टा गुंडाळून हवा भरली, सोडली आणि पुन्हा भरली.

वरचा अडुसष्ट, खालचा चाळीस.