पाटलाचं नाव

देवाशपथ, यातला शब्द न् शब्द खरा आहे. एक खोटा आहे, तो शेवटी सांगतो.

आमचे शेजारी कैक वर्षं गावचे पोलीस पाटील होते. पद गेलं तरी बायकोसकट सगळे त्यांना 'पाटील'च म्हणायचे. छातीत दुखतं म्हणून मी त्यांना आरमोरीला नेलं. हृदयाचे डॉक्टर तिथं महिन्यातून एकदाच येत. सिस्टरनं आधारकार्डावरचं नाव पुकारलं, "सोमाजी!" पाटील ढिम्म. पुढचे पेशंट आत गेले, मग डॉक्टरही निघून गेले.

"पाटील, काऊन नाई उठले?"

"मले वाटलं, दुसराच कोणी हाय. पाटील म्हणली असती तं उठलो असतो."

पुढचा महिना उजाडायच्या आत पाटील गेले.

खोटं एवढंच, की मी त्यांना तसं विचारलं; ते तर सिस्टरकडून कार्ड परत घेताना आपणहूनच बोलले. विचारणार कसा? बाजूला बसून मलाही ते दुसऱ्याचंच नाव वाटलं होतं.