खोडीची म्हैस

परभणीच्या स्टँडवर राणीसावरगावच्या गाडीची वाट बघत होतो. मागं दोन बायांचं चाललं होतं.

“चतुराबाई, तुमचा भुजंग ढोरांच्या दवाखान्याचं शिकायलाय म्हनं?”

“शिकायलाय की. सुट्टीत आला अन् आमच्याच म्हशीला सुई टोचायला निगाला. ती माझ्याबिगर कुनाला जवळ येऊ देती व्हय? मग पोरगं माझं लुगडं नेसून गेलं.”

“आगं बया!”

“तेवढ्यात त्याला बघायला पाव्हने आले. पोरीच्या बापानं त्यालाच इचारलं, ‘बाई, नवरदेव कुटं हाय?’”

“मग?”

“पदर सावरत म्हनलं, ‘मीच हाय.’”

“मोडलं म्हना की!”

“मोडतंय कशाचं! पाव्हना म्हनला, ‘आमची म्हैस बी आशीच खोडीची हाय. लगनाला येताना लुगडं संगं आना.’”