तुरीच्या फुलांची जोडी

आळंदच्या बसस्थानकावर कलबुर्गीच्या बसची वाट बघत मालतीबाई बसल्या होत्या. शेजारी बसलेल्या सासू-सून कडगंचीच्या विद्यापीठात कानातले विकायला निघाल्या होत्या.

“पल्लवी, हे मातीचे कानातले पाण्यात इरघळतेत का?”

“न्हाई आत्या. ही पॉलिमर क्ले हाय. ओव्हनमधी भाजली की घट्ट व्हती.”

“मग परवा माझ्या हातानं कामून मोडलं?”

“तुम्ही कच्चंच थापलाव, भाकरीवानी.”

“पोरी घेतील का पण?”

“तुम्ही घालून बसा, म्हंजे घेतील.”

“मी? सोन्यानं कानाच्या पाळ्या ओघळल्यात माझ्या. दहा वर्सं झाली, जड काय सोसंना.”

“म्हणूनच ही तुरीच्या फुलांची जोडी हलकी केलीय. थांबा, मी घालते. लागायलंय का?”

“घातलंय का न्हाई, तेच कळंना. मोबाईलात दाव बरं.”

“बघा.”

“आणखी जरा वर धर.”

मालतीबाईंचा हात नकळत आपल्या मोकळ्या कानाकडे गेला.

“अक्का, तुमच्या कानातली जोडी केवढ्याला?”

“ही इकायची न्हाई. पल्लवी, ह्यांला डब्यातल्या दाव.”