किप आली का?

न्हाई, मला एक सांगा, माणसाला एका दांडीवर चढायला किती वेळ लागावा? आं? दीड वर्ष? तुम्हाला सांगतो, दीड वर्षात आमच्या गल्लीत तीन मजली घर उभं राहिलं, वास्तुशांत झाली, आम्ही जेवून आलो, मग त्या घरच्या दोघा भावांचं भांडण झालं आणि मधी भिंतबी झाली... पण माझी मंजू त्या दांडीवर चढंना!

जिम्नॅस्टिक्स हो, जिम्नॅस्टिक्स! पोरींचं असतंय ते अनइव्हन बार. दोन आडव्या दांड्या, एक बुटकी, एक उंच, आणि पोरींनी हिच्यावरनं तिच्यावर जायचं, गोल फिरायचं, उडी मारून खाली यायचं आणि खाली आल्यावर वर हसायचं! लागलं तरी हसायचं, हा नियम हाय. आता मी गुरुलिंग, लातूरला गंजगोलाईजवळ माझं बिजागरी आणि कडीकोयंड्याचं दुकान. उभा जन्म लोखंडात गेला. पाइप नुसता हातात घेतला की जाडी सांगतो मी, पण तुम्हाला सांगतो, ह्या एका बुटक्या दांडीनं मला पार लोळवलं.

कारण काय? किप! उंच दांडीचं नावबी काढायचं न्हाई अजून, आधी बुटक्या दांडीवर किप. किप म्हंजे काय, तर दांडी धरायची, आंग लांब करून झोका घेत पुढं जायचं, पुढं गेलं की झटकन पाय उचलून अंगठे दांडीला लावायचे, आणि मग... मग काय होतं ते कुणालाच सांगता येईना बघा! एकदम पोरगी वर! हात ताठ, दांडी मांडीला टेकलेली, आणि पोरगी दांडीच्या वर! मधलं कसं झालं? ते म्हणे 'येतं'. कसं येतं? 'येतं आपोआप.' आवो, आपोआप येतंय तर दीड वर्ष काय करून राहिलंय ते, वाटेत?

तिचे नागसेन सर म्हंजे भला माणूस हाय हां. आवाज कधी चढला न्हाई त्येंचा. पोरगी पडली की म्हणणार, "पुन्हा." परत पडली... "पुन्हा." एका संध्याकाळी मी मोजलं, एकाहत्तर वेळा पुन्हा! शेवटी मीच विचारलं, "सर, ताकद कमी पडून राहिलीय का तिची? दूध वाढवू का?" तर सर एकदम शांत, "अप्पा, ताकदीचं काम न्हाई ते. टायमिंगचं हाय. आपण पायजमा कसा वर ओढतो? तशी दांडी मांडीवरनं वर ओढायची. बस्स." बस्स! आता मला सांगा, हे ऐकल्यावर बापानं काय करावं? दुसऱ्या दिवशी गिऱ्हाईक आलं, म्हणलं, "अप्पा, चार इंची बिजागरी द्या," आणि बघतंय तर मी काउंटरमागं डोळे वर लावून पायजमा ओढून राहिलो... एकदा, दोनदा, तीनदा, टायमिंगनं! ते गिऱ्हाईक तसंच माघारी गेलं. बिजागरी न घेता गेलं! पण आपल्या हातात काय? बघणं!

पहिले चार महिने तर तिनं फकस्त लोंबकळून काढले. लोंबकळायचं आणि पोट आत ओढून आंग पोकळ करायचं म्हणे. मग झोका. झोक्यात पाय खाली घासले की चूक, गुडघा वाकला की चूक, कोपर वाकलं की चूक. मग अंगठे दांडीला. हे सगळं यायला वर्ष गेलं आणि शेवटच्या हातभर अंतरावर गाडी अडकली ती अडकलीच. पोट दांडीपर्यंत यायचं, मी श्वास धरायचो, आणि धप्प! खाली. परत पोट दांडीपर्यंत, परत माझा श्वास, आणि धप्प! आवो, तिची किप ऱ्हायली बाजूला, मलाच दम्याची गोळी घ्यायची पाळी आली.

आणि तळहात! त्या तळहाताचं काय सांगू तुम्हाला... साडेनऊ वर्षांचं लेकरू, आणि तळहात एखाद्या हमालाचे. फोड यायचे, फुटायचे, सालटं निघायचं. माझी आई, आव्वा म्हणतो आम्ही, गंगम्मा, ती रोज ते हात मांडीवर घेऊन बसायची आणि मला शिव्या घालायची. "आरं गुरुलिंगा, लेकरू हाय का बारदान? दांडीला काहून टांगून राहिलास त्येला?" आणि मग लावायची तूप. साजूक तूप! दुसऱ्या दिवशी मंजू दांडीला हात लावती न लावती तोच सुर्रकन निसटून गादीवर. सरांनी बोट लावून बघितलं. म्हणले, "अप्पा, तूप पोळीवर."

बरं, हे घडून राहिलंय कुठं? लातुरात! जिथं कुठकुठले आईबाप लेकरं घेऊन येतात, खोली करून राहतात, डॉक्टर करायला! आमच्या गल्लीत ज्येच्या त्येच्या तोंडी एकच, "टेस्टला किती पडले?" आणि माझं काय? दांडी. औशाचे अण्णाराव मामा महिन्याला बाजाराला आले की दुकानाची पायरी चढायच्या आधी विचारणार, "गुरुलिंग, किप आली का?" त्येंना किप म्हंजे काय ते माहीत न्हाई हो. त्येंची समजूत अशी की ते मुंबईवरनं यायचं कायतरी मंजुरीचं पत्र हाय. "न्हाई आली मामा." "आरं मग कुणाला तरी भेट की! वशिला लाव! असं बसून येती का?" आता कुणाला भेटू? दांडीला? आपल्या हातात काय? बघणं!

इथपर्यंत ठीक हाय, हसून घालवलं. पण नांदेडला विभागीय स्पर्धा ठरली आणि सर म्हणले, "अप्पा, स्पष्ट सांगतो. तिथं पंचांनी किप धरली तर मंजू मोठ्या गटात. न्हाई तर आणखी एक वर्ष बारक्यांतच." बारक्यांत म्हंजे सहा-सहा वर्षांच्या पोरी हो, दुधाचे दात पडलेल्या! त्या दिवशी स्कूटरवर घरी येताना मंजू माझ्या पाठीला चिकटून बसली होती. म्हणली, "पप्पा, नांदेडला न्हाई आली तर मी सोडणार." रडत म्हणली असती तर समजूत काढली असती की मी! ती साधं म्हणली. उद्या डब्यात भेंडी देऊ नका म्हणावं तसं. जी पोरगी दुकानाच्या शटरला लोंबकळून लोंबकळून दांडीपर्यंत गेली, ती सोडणार म्हणती, आणि बाप काय करून राहिला? स्कूटर चालवून राहिला.

म्हणून मी ठरवलं. ह्यावेळी आपण कायतरी करायचं! काय करायचं? बॅग भरायची! बायकोला म्हणलं, "शिवकन्या, तू बाजूला हो. मंजूची बॅग मी भरणार." ती म्हणली, "तुम्ही?" म्हणलं, "हाव, मीच!" पहाटे आंघोळ केली, पूजा केली, कपाळाला विभूती ओढली आणि बसलो भरायला. पोशाख, हाताचे चामडी पट्टे, पाण्याची बाटली, केळी, टॉवेल, आणि चॉक. चॉक म्हंजे पांढरी वडी असती, घाम शोषायला तळहाताला चोळतात. नांदेडवाल्यांनी पत्रात लिहिलं होतं, आपापला चॉक आणावा. देवघरापाशीच सगळं सामान मांडून भरत होतो, समोर पांढरी वडी दिसली, उचलली, कागदात गुंडाळली, बॅगेत टाकली. सगळं तपासलं. दोनदा तपासलं! पहिल्यांदा वाटलं, आपण बी ह्या कामात हाव बाबा.

नांदेडला पोचलो. हॉलमधी ही गर्दी. आईबापांनी वर पायऱ्यांवर बसायचं, खाली उतरायचं न्हाई, ओरडायचं न्हाई, लेकराला हाक मारायची न्हाई. मी बरोबर बारच्या समोरची जागा धरली. नांदेडची समीक्षा म्हणून एक पोरगी, मंजूपेक्षा बोटभर बुटकी, आली, दांडी धरली आणि... आली किप! जिना चढल्यासारखी! माझ्या शेजारी तिचा बाप. मला म्हणतो, "हिला दोन महिन्यांत आली." विचारलं होतं का मी?

मंजूचा नंबर पुढचाच. ती कोपऱ्यात उभी राहून हाताला चॉक चोळत होती, आणि माझा फोन वाजला. आव्वा! म्हणलं आत्ता? उचलला. "गुरुलिंगा, ऐक, आज इभूत लावली की रे, तर कपाळ ताणून राहिलंय. कोरडं ठाक पडलंय. भुवई हलवली तर कपाळ चरचरतंय. आणि ही इभूत पुसंना! दुकानदारानं भेसळ केली काय की बाबा..."

तुम्हाला सांगतो, माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. देवघरापाशी दोन पांढऱ्या वड्या होत्या! चॉकची वडी आव्वाच्या कपाळावर, आणि विभूतीची वडी... खाली मंजूच्या हातात! आम्ही पिढ्यान् पिढ्या लिंगपूजा करणारी माणसं, आम्हाला अंधारात विभूती ओळखता येती म्हणायचं, आणि मी भर उजेडात बॅगेत भरली! आता खाली उतरता येईना, हाक मारता येईना. मी उभा राहून खुणा करून राहिलो. कपाळाकडं बोट, मग तळहाताकडं बोट, मग 'नको नको' म्हणून हात हलवला. मंजूनं वर बघितलं, तिला वाटलं पप्पा आशीर्वाद देऊन राहिलेत. तिनं काय करावं? ती वडी कपाळाला लावली, नमस्कार केला आणि आणखी खसाखसा तळहाताला चोळली!

पंचबाईंनी हात वर केला. मंजूनं दांडी धरली. झोका... सुंदर! पाय... लागले! पोट दांडीपाशी... आणि हात निसटला. धप्प!

पडली की एक मार्क गेला, आणि परत चढायला तीस सेकंद. मंजू गादीवर उठून बसली आणि आपल्या तळहाताकडं बघत ऱ्हायली. रडली न्हाई. मला ते बघवंना. आवो, ते लेकरू स्वतःच्या हाताला दोष देऊन राहिलं होतं, आणि दोष वर पायरीवर फोन धरून उभा होता! नागसेन सर पळत आले, तिचा हात धरला, वास घेतला. वर माझ्याकडं बघितलं. 'अप्पा' असं म्हणलेलं ओठांवरनं कळलं मला, पुढचं कळलं न्हाई, आणि ते बरंच झालं. सरांनी टॉवेलनं खसाखसा हात पुसले, समीक्षाच्या डब्यातला चॉक मूठभर घेतला, चोळला, आणि म्हणले, "पुन्हा."

परत मंजू दांडीखाली. फोनवर आव्वा चालूच, "आरं बोल की! पडलं का लेकरू? हॅलो! गुरुलिंगा!" मला फोन ठेवायचं सुधरंना. दीड वर्ष, रोज, मी बघितलं होतं. एकूण एक धप्प बघितलं होतं. पण आता माझ्याच हातानं पडलेलं लेकरू परत पडताना बघायचं? न्हाई हो. न्हाई झालं माझ्याच्यानं. मी डोळे मिटले. गच्च.

आणि टाळ्या.

डोळे उघडले तर मंजू दांडीच्या वर! हात ताठ, मान वर, दांडी मांडीला! आली होती! किप आली होती! शेजारी समीक्षाचा बाप उभा राहून टाळ्या वाजवून राहिला, त्येनं बघितली. केळीवाल्यानं दारातनं बघितली. हॉलमधल्या पंख्यांनी बघितली. फकस्त मी न्हाई! बरं, व्हिडिओ म्हणावा तर फोनमधी आव्वा बसलेली!

मार्क गेला तो गेला, पण किप धरली, मोठ्या गटाची यादी वाचली तर तिसरं नाव मंजुश्री गुरुलिंग. मी रडलो. सरळ रडलो, काय लपवायचं? आता घरी आव्वा म्हणती इभूतीनंच आली. सर म्हणतात सरावानं आली. अण्णाराव मामांना फोन केला, "मामा, किप आली." ते म्हणले, "कुणाला भेटलास?" आणि शिवकन्या दर तासाला दुकानात फोन करून विचारती, "अगदी कशी आली ते सांगा की, पहिल्यापासून." आणि मी सांगून राहिलो! झोका असा, पाय असे, मग एकदम वर... मधलं कसं झालं विचारलं की म्हणतो, "ते येतं आपोआप."

परत येताना लातूरच्या गाडीत मंजू माझ्या खांद्यावर डोकं ठेवून बसली. म्हणली, "पप्पा, बघितली ना तुम्ही?"

"हाव तर! मग कशाला आलतो?"

"कोपर वाकलं का माझं?"

"छ्या! एकदम ताठ! पट्टी लावून बघावं असं!"

ती म्हणली, "वाकलं होतं. थोडं." मग म्हणली, "पप्पा, दांडीवर चढलं की समोरचं सगळं दिसतंय. तुमचे डोळे मिटलेले होते." मी खिडकीतनं बाहेर बघून राहिलो. ती म्हणली, "ऱ्हाऊ द्या. मम्मीला न्हाई सांगत."

आणि ही बुटकी दांडी होती हो! पुढच्या वर्षी तिला उंच दांडीवर जायचंय... आता तर बापाला डोळे मिटायचीबी सोय ऱ्हायली न्हाई!