विम्यात काय सांगायचं

प्रताप : नाय म्हण. पुढचा प्रश्न घे.

हेमांगी : बाबा, मी प्रश्न अजून पूर्ण वाचलेला नाही.

प्रताप : वाचायला कशाला पायजे? सगळ्याचं उत्तर नायच हाय. हिला काय झालंय? सकाळी उठून वाडीला पाणी सोडते, दुपारी सुपारी सोलायला बसते, संध्याकाळी पुन्हा माडाखालच्या झावळ्या ओढते. असली ठणठणीत बाई मुलीच्या बाळंतपणाला मस्कतला जाऊन आजारी पडणार हाय काय?

हेमांगी : तसं मी म्हणत नाही. विचारतेय प्रवासाच्या विम्याची कंपनी, आणि विचारतेय आईंना. मगापासून उत्तरं मात्र तुम्ही देताय. साखर आहे का, नाय. रक्तदाब आहे का, नाय. पूर्वी एखादं ऑपरेशन झालंय का, तर तेही नाय. सासूबाई माझ्यासमोर ओटीवर बसल्यात, त्यांच्या मोडलेल्या हातात ऑपरेशन करून घातलेली स्टीलची प्लेट आहे, आणि तुम्ही बेधडक नाय म्हणून मोकळे.

प्रताप : हाताचं काय धरून बसतेस? हात जुळला.

हेमांगी : आई, तुम्ही बोला ना काहीतरी.

शालू : माझं काय नाय गो बाय. ते सांगतात तसंच टाक.

प्रताप : ऐकलंस? आणि मी म्हणतो मुळात हे घ्यायचंच कशाला? जावयाने तिकीट काढलं, व्हिसा काढला, मंगळवारी ही विमानात बसणार, महिना-दीड महिन्यात नातवंडाला आंघोळ्या घालून परत. त्यात विम्याचं काय काम? हप्ते घेताना ह्या लोकांना आपण देवमाणूस, आणि द्यायची वेळ आली की ह्यांचा एक साहेब येतो आणि आपण एकदम चोर. हिचा हात मोडला तेव्हा बघितलंस ना? पालघरला अॅडमिट केली, सगळे कागद दिले, तरी कंपनीने हात वर केले. आणि तो कृष्णकांत! जावयाचा सख्खा मामा. त्यानेच आपल्या तेजलला हे स्थळ आणलं, त्यानेच पॉलिसी गळ्यात मारली, आणि आमाला गरज पडली तेव्हा म्हणतो, प्रतापभाई, माझ्या हातात काय नाय. मग काय, केळव्याच्या लग्नात मांडवातच त्याला सुनावलं. चार माणसांना कळू दे म्हटलं, एजंट कसे असतात.

हेमांगी : बाबा, ही गोष्ट मी प्रत्येक लग्नात ऐकलीय. पण कंपनीशी भांडलं कोण? मी भांडले. दिवसभर बोईसरच्या कंपनीत मान मोडून काम करायचं आणि सुटल्यावर शेअर रिक्षात कोंबून बसून त्यांना फोन लावायचा. ते म्हणायचे, मॅडम, पेशंटने जुना आजार लपवला. मी म्हणायचे, कसला आजार, माझ्या सासूबाईंना साधी सर्दी होत नाही. रिक्षातली माणसं माझ्या तोंडाकडे बघत राहायची. शेवटी फोनवरची ती मुलगी हळू आवाजात म्हणाली, मॅडम, घरात एकदा विचारून बघा. मी तिलाच झापलं. म्हटलं, माझ्या घरातलं मला शिकवू नका. म्हणून ह्या वेळी मला घोळ नकोय. आहे ते आहे, नाही ते नाही, असं सरळ सांगायचं.

प्रताप : सांगितलं की सरळ. काय नाय.

हेमांगी : बरं. मग हा ऐका. मेंदूचा किंवा नसांचा आजार, फिट, झटके, बेशुद्ध पडणं, असं कधी झालंय का?

प्रताप : नाय.

हेमांगी : आई?

प्रताप : नाय म्हटलं ना मी.

हेमांगी : पुढे, रोजची औषधं. त्याची डॉक्टरची चिठ्ठी पण लागणार आहे, गोळ्या नेताना जवळ असू दे असं तेजलने दोनदा बजावलंय. आई, ती तुमची झोपतानाची पित्ताची गोळी, तिचं नाव काय?

प्रताप : ती गोळी न्यायचीच नाय. घरीच ठेवायची. पित्त काय, मस्कतला सोलकढी पिऊन पण बरं होतं.

शालू : बाय, तू ते सगळं बंद कर. मी जात नाय.

हेमांगी : म्हणजे काय? बॅग भरून झालीय तुमची. डिंकाचे लाडू झाले, बाळंतविडा झाला, तेजल तिकडे एकेक दिवस मोजतेय.

शालू : तिला सांग, आईचे पाय दुखतात.

प्रताप : शालू, उगाच काय तरी बोलू नको. जायचं ठरलंय.

शालू : तुमचं ठरलंय. गोळी ठेवून जा म्हणतात. गोळी ठेवून मी जाऊ कशी? हेमांगी, ती गोळी पित्ताची नाय. फिटची हाय.

प्रताप : शालू.

शालू : लग्नाच्या आदीपासून हाय मला. गोळी घेतली की येत नाय. चुकली की येते.

हेमांगी : हात मोडला तेव्हा?

शालू : त्या आठवड्यात गोळ्या संपल्या होत्या. ह्यांना बोईसरला जायला जमलं नव्हतं. वाडीत पाण्याच्या पाटाजवळ उभी होते, पुढचं मला काय ठाऊक नाय. जाग आली तेव्हा हात अंगाखाली होता.

हेमांगी : बोईसरला कशाला? इथे आपल्या शिरगावात मेडिकल आहे, पालघरला पन्नास आहेत.

प्रताप : तिथे सगळे ओळखीचे. गोळीचं पाकीट बघून पोरगा काउंटरवरनंच विचारतो, काका, घरात कोणाला? बोईसरला कोण कोणाला ओळखतंय? अर्धी गिऱ्हाइकं युपी-बिहारची. म्हणून मी तिथनं आणतो.

हेमांगी : मी रोज बोईसरला जाते, बाबा. रोज. त्या मेडिकलांच्या समोरून चालत जाते. मला सांगितलं असतंत तर मी आणल्या असत्या. त्यांचा हात मोडला नसता.

प्रताप : आता बोलून काय होणार?

हेमांगी : आणि कंपनी खोटारडी नव्हती. मी खोटारडी होते.

प्रताप : तुला कुठे ठाऊक होतं?

हेमांगी : तेच तर म्हणतेय ना मी! मलाच ठाऊक नव्हतं. आणि माझ्या नवऱ्याला? हर्षितला माहीत आहे?

शालू : पोरांना हाय. लहानपणी बघितलंय दोघांनी.

हेमांगी : छान. म्हणजे मी लग्न करून घरात आले तेव्हापासून एका ताटात जेवतोय आपण, आणि सगळ्यांना माहीत, एक मी सोडून. हर्षितशी मी बोलेन ते बोलेन, सेकंड शिफ्ट सुटून येऊ दे त्याला घरी. पण तुम्ही दोघं मला सांगा, मी काय बाहेर जाऊन दवंडी पिटणार होते?

प्रताप : तुझ्यासाठी नव्हतं ते. तू यायच्या आदीची गोष्ट हाय. कृष्णकांत ह्याच ओटीवर येऊन बसला. आदी विम्याचं बोलला, मग त्याच चहात तेजलसाठी भाच्याचं स्थळ काढलं. कमलेश, घिवलीचा, मस्कतला नोकरी, निर्व्यसनी. आमी दोघं एवढे हरखलो. आणि लगेच पिशवीतनं पेन काढून विचारतो, वहिनींना आजार-बिजार काय? आता तूच सांग. नवऱ्यामुलाच्या मामाला मी काय सांगायचं होतं? हो, हिला फिट येते, पॉलिसीत टाक आणि मग जाऊन बहिणीला सांग? मुलीला पण असेल म्हणून ते लोक गेटातनं परत गेले असते. पुढे दुसरं स्थळ आलं असतं, तर त्याच्या आदी ही बातमी पोचली असती. म्हटलं, काय नाय. धडधाकट हाय.

हेमांगी : मग पॉलिसी घ्यायचीच नाही.

प्रताप : नाय घेतली असती, तर त्याला वाटलं असतं काय तरी लपवतोय. आणि होणाऱ्या व्याह्यांकडचा माणूस, पहिल्याच दिवशी रिकाम्या हाताने परत कसा पाठवायचा?

शालू : आणि हात मोडला तेव्हा डॉक्टरने मला विचारलं, मावशी, पडलात कशा? मी खरं ते सांगितलं, त्याने ते कागदावर लिहिलं. एवढाच माझा गुन्हा. त्यानंतर कितीतरी दिवस हे माझ्याशी नीट बोलले नाय. लोकांना सांगत फिरले की एजंटाने फसवलं.

प्रताप : काय सांगू मग लोकांना? बायकोला गोळ्या आणायच्या विसरलो म्हणून सांगू?

शालू : मी ते कदी बोलून दाखवलंय तुमाला?

प्रताप : नाय. तेच तर हाय ना.

हेमांगी : आई, एक विचारू? माझा दर्पण झाला तेव्हा तुम्ही त्याला उभ्याने कधीच घेतलं नाहीत. मी आंघोळीला जाताना द्यायला आले की तुम्ही म्हणायचात थांब, आणि आधी खाली बसायचात. तेही मी परत येईपर्यंतच. मी माझ्या आईला फोन करून रडलेय. तिला म्हटलं, सासूबाईंना माझं पोर नकोसं आहे, हातात धरायला पण त्यांच्या जिवावर येतं.

शालू : नकोसा कसा असेल गो? पण उभ्याने घेतला आणि मी गेले तर? खाली बसल्यावर फार तर मांडीवरनं गोधडीवर घरंगळेल. म्हणून विहिरीकडे नाय नेला, चुलीपाशी नाय नेला. बाया हसायच्या, आजी असून पोराला अंगणात फिरवत नाय. हसू दे म्हटलं.

हेमांगी : मला सांगायचंत हो.

शालू : तोंडाशी यायचं. मग ह्यांच्याकडे बघायचे आणि गिळायचे. आता मस्कतला काय? जावई दिवसभर कामावर, तेजल ओली बाळंतीण, आणि बाळ माझ्या हातात. गोळी घरी ठेवून मी त्या बाळाला हात लावणार नाय. मग जाऊन करू काय? त्यापेक्षा नाय जात.

प्रताप : मी काय कसाई हाय? मला भीती नाय वाटत? पण गोळी नेली की चिठ्ठी आली, चिठ्ठी बघून कमलेश विचारणार. घिवलीला त्याची आई म्हणेल, आमाला फसवलं. मग बाळ जरा दचकलं तरी सगळे तेजलकडे बोट दाखवणार. मुलीच्या संसाराचं काय होईल ह्याने माझी झोप उडते, आणि तुमी दोघी मला इथे आरोपी करून बसवलंय.

हेमांगी : झोप उडते तर उडू दे, बाबा. बाळ हातातून पडण्यापेक्षा बरं.

प्रताप : बरं, समज खरं सांगितलं. मग तरी देतील ना सगळं?

हेमांगी : सगळं नाही. ह्या पॉलिसीत जुन्या आजाराचा खर्च नाही धरत. म्हणजे फिट आली तर ते पैसे आपलेच जाणार.

प्रताप : बघ! ज्याची भीती, त्याचंच द्यायचं नाय. मग घ्यायचा कशाला? हेच मी मगापासून सांगतोय, आणि तुझं आपलं एकच तुणतुणं.

हेमांगी : कारण तिकडे ताप येऊ शकतो, न्यूमोनिया होऊ शकतो, रस्त्यात पाय मुरगळू शकतो. परक्या देशात दवाखान्याची पायरी चढलो की आपल्या वाडीचं वर्षाचं उत्पन्न संपेल. ते तरी वाचेल. पण खोटं सांगून काढला तर पाय मुरगळल्याचं पण मिळेल की नाही, भरवसा नाही. मागच्या वेळी मिळालं का?

प्रताप : नाय.

हेमांगी : मग?

प्रताप : आणि फिटचं काय?

हेमांगी : त्याला गोळी लागते. आणि घरातल्या माणसाला माहीत असावं लागतं. बाकी त्याचा विमा माझ्याकडे तरी नाही.

शालू : हेमांगी, तिथे हो टाक.

हेमांगी : टाकते. बाबा, काही बोलायचंय?

प्रताप : आता माझं कोण ऐकतंय? टाक. पण आदी मला कृष्णकांतला फोन करू दे. त्याच्याकडनं बहिणीच्या कानावर जरा बेताने घालतो, मग हळूहळू कमलेशला कळेल.

शालू : कृष्णकांतशी तुमी नंतर बोला. मांडवात सुनावलंत ना, तसंच चार माणसांत खरं काय ते बोला. जावयाला माझं मी सांगते. हेमांगी, लाव त्यांना.

हेमांगी : आत्ता?

शालू : आत्ताच. सकाळपर्यंत माझा धीर राहायचा नाय.

(शालू फोन कानाला लावते. प्रताप उठतो, पायरीपर्यंत जातो आणि परत येऊन बसतो.)

शालू : कमलेशराव, मी तेजलची आई. नाय, नाय, सगळे बरे हायत. तेजल झोपली? झोपू दे, तुमच्याशीच काम होतं. मला फिट येते. हो, फिट. पहिल्यापासून हाय. लग्नाच्या वेळी आमी तुमाला सांगितलं नाय, ते आमचं चुकलं. तेजलला आमीच गप्प राहायला लावलं, तिच्यावर रागवू नका, तिचे दिवस भरलेत. मी गोळी रोज घेते, घेऊन पण येणार. विमा काढतोय तो खरं सांगून काढतोय. आता ह्यावर तुमी नको म्हणालात, तर मी येणार नाय. मला वाईट वाटेल, पण राग नाय येणार.

प्रताप : काय म्हणतो?

हेमांगी : बोलू द्या ना त्यांना.

प्रताप : नाय, पण म्हणतो काय?

शालू : हां. ऐकतेय मी. हां. बरं. मग एक सांगा, बाळाला मी खाली बसूनच घेईन, तर तुमच्या घरी अंथरायला सतरंजी हाय का? नसेल तर मी इथनं घेऊन येते.