घरटी एक मत

...नाही, पण मला एक सांगा, मत माणसाला असतं की घराला? आमच्या सोल्गोक गावात घराला असतं! घरटी एक मत, आणि घर म्हणजे कोण? घर म्हणजे नवरा! मी छत्तीस वर्षं त्या घरात राबतेय, छपरापासून चुलीपर्यंत मला सगळं ठाऊक, पण गावसभेत हात वर करायचा तो आमच्या ह्यांनी. आमची बुनरे आजी विधवा, म्हणून तिला मत आहे. मी एकदा तिला विचारलं, "आजी, मला कधी मिळणार हो?" तर म्हातारी म्हणते कशी, "सोपं आहे गं, बोमीच्या आई. नवऱ्याला पोचव आधी!"

हसताय काय? गेल्या वर्षी काय झालं ऐका. वरच्या उतारावर आम्ही सगळ्या बायका रानभाजी खुडत होतो आणि खालून भोंगा सुरू झाला. आमचे गावप्रमुख ग्वाक आधी माईकवर खाकरतात, मग बोलतात. "आ... आ... ऐकू येतंय का? वरचा उतार सोलर कंपनीला द्यायचं काल सभेत एकमतानं ठरलं आहे!" एकमतानं! आमच्या हातात भाजी, पदरात भाजी, आणि पायाखालची जमीन गेलेली! आमच्या आज्या-पणज्यांनी जिथं भाजी खुडली, तिथं आता कुंपण. विचारायला गेले तर ग्वाक म्हणाले, "अहो वहिनी, तुमच्या घराचं मत होतंच की त्यात."

होतं ना. घरटी एक मत!

तर यंदा तालुक्याच्या कचेरीतून प्यो बाई आल्या. तरुण पोरगी, चष्मा, आवाज गोड. म्हणाल्या, "ताई, सरकारची योजना आहे. गावानं नियम बदलून प्रत्येक माणसाला मत दिलं, तर समतेचं गाव म्हणून मदत मिळेल." आम्ही विचारलं, मदत म्हणजे काय? तर म्हणे, सभागृहाला नवंकोरं स्वयंपाकघर! आता यावर हसावं की रडावं, तुम्हीच सांगा. पण ते राहू दे, मत तर मिळणार होतं! आता हा नियम बदलायचा की नाही, ते ठरवणार कोण? सभा. सभेत मत कसं? घरटी एक! म्हणजे आम्हाला मत द्यायचं की नाही, यावर आमचं मतच नाही!

आणि नेमकी सभेच्या आठवड्यात आमच्या ह्यांची पाठ धरली. कोबीचं पोतं उचलायला गेले ते वाकलेलेच राहिले. दवाखान्यात ठेवलं. नियमच आहे, कर्ता नसेल तर बायको बसेल त्याच्या जागी. देवा, मला वाईट वाटलं हो, खरंच वाटलं... पण रात्री झोपच येईना आनंदानं! हे पलंगावरून बजावतायत, "हे बघ, हात खाली ठेवायचा. ग्वाक माझ्या वर्गातला आहे." मी म्हटलं, "बरं." मनात म्हटलं, खांद्यापासून वर करते की नाही बघा!

सभेचा दिवस. थंडी ही अशी, दारं घट्ट लावलेली. भिंतीवर फलक, 'समतेची सुरुवात गावापासून'. प्यो बाईंनी सगळ्या बायकांना स्वयंपाकघरातून ओढून आणून बसवलं, "आज तुम्ही बाहेर बसायचं." बसलो. पुढे पुरुष, मागे स्वयंपाकघराच्या दाराशी आम्ही. ग्वाक उठले, खाकरले (माईक नव्हता तरी!), म्हणाले, "आता मतदान..."

आणि वास आला.

तव्यावर कांदापातीची धिरडी होती ना, सभेनंतर खायला! करपल्याचा वास. सगळ्या पुरुषांनी नाकं वर केली. "काहीतरी जळतंय," एक म्हणाला. "जळतंय खरं," दुसरा म्हणाला. उठतोय का कोणी? छे! बाकीच्या बायका गुडघ्यांनी अधू, उठेपर्यंत सभागृहाची राख झाली असती. एकसष्ट वर्षांची मी, गावातली सगळ्यात तरुण सून. आणि तुम्हाला सांगते, मला कोणी ऊठ म्हणालं नाही. कोणीही नाही. माझे पायच उठले! हात वर करायला म्हणून आलेली मी, दार ढकलून आत... आणि माझ्यामागे कोण धावत आलं? प्यो बाई! हातात फडकं! "ताई, मी उलटते, तुम्ही गॅस बंद करा!" समतेचं अख्खं सरकार माझ्या शेजारी उभं राहून धिरडी उलटतंय!

तोवर बाहेरून ग्वाक, "धिरडी गरम आहेत तोवर उरकून घेऊ! बाजूनं?... विरोधात?... सारखे झाले. बरोबरी म्हणजे जुनाच नियम. बसा, बसा!"

सारखे. कळतंय ना तुम्हाला? एक हात कमी पडला. एकच. तो हात माझा, आणि त्या हातात काय होतं तर कालथा.

प्यो बाई तिथंच खाली बसून रडल्या. मी नाही रडले. मी धिरडी ताटलीत काढली. बाहेर गेले तर बुनरे आजी माझ्याकडे बघेना. ग्वाक मात्र खूश. "वहिनी, पुढच्या वर्षी आणा की परत हा विषय!" पुढच्या वर्षी? पुढच्या वर्षी तिथं हे बसलेले असणार. घरटी एक मत!

मी ताटली पुढे ठेवली. ग्वाकनी एक तुकडा तोडला, चावला, तोंड वाकडं केलं. "जरा करपलंय हो."

आणि मी काय म्हणाले असेन? छत्तीस वर्षांची सवय... म्हटलं, "थांबा, दुसरं आणते."